हिमस्खलनासाठीची एअरबॅग सॅक कशी निवडावी

रिसॉर्टने आखलेले, राखलेले उतार सोडून स्की किंवा स्नोबोर्ड घेऊन मोकळ्या डोंगरात शिरायचं ठरलं, की आज ना उद्या एअरबॅगच्या सॅकचा विषय निघतोच: पाठीवरची अशी सॅक, जिच्या खांद्याच्या पट्ट्यावरचं हँडल हिमस्खलनात ओढलं की आतली मोठी पिशवी फुगते आणि तुम्हाला बर्फाच्या वर ठेवायला मदत करते. मग तुलना सुरू होते: सिलिंडर की बॅटरी, किती लिटर, किती ग्रॅम. हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांच्याकडे आपण येऊच. पण नव्या माणसाने सुरुवात तिथून करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

२०१४ साली संशोधक पास्कल हेगेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या हिमस्खलनांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. गंभीर हिमस्खलनात सापडलेल्या लोकांमध्ये, एअरबॅग फुगलेली नसताना मृत्यूचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं, आणि फुगलेली असताना ११ टक्के. एअरबॅगने जीव वाचतात, हे यातून दिसतं. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र खरेदी करणाऱ्याने आधी वाचावा असा आहे. सॅक पाठीवर असूनही साधारण पाचांतल्या एकाची एअरबॅग फुगलीच नाही, आणि न फुगण्याच्या अशा प्रसंगांपैकी सुमारे ६० टक्के वेळा कारण होतं ते माणसाकडून हँडल ओढलं न जाणं. यंत्रातल्या बिघाडाचा वाटा त्याहून बराच कमी होता.

म्हणून माझी कसोटी अशी: बर्फासोबत फेकल्या जाणाऱ्या, घाबरलेल्या माणसाच्या हाताला जिचं हँडल सापडेल, जिचे पट्टे दिवसभर आवळलेले ठेवता येतील आणि जिचा सराव करायला तुम्ही टाळाटाळ करणार नाही, ती सॅक चांगली. खालच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर रचल्या आहेत.

पायरी १: आधीच्या तीन वस्तू आहेत का ते बघा

ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं. ट्रान्सीव्हर म्हणजे ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवणारं आणि शोधणारं छोटं यंत्र. प्रोब म्हणजे बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आहे ते चाचपायची घडीची लांब काठी. या तिन्ही वस्तू आणि त्या वापरण्याचं रीतसर प्रशिक्षण नसेल, तर एअरबॅगचे पैसे आधी तिकडे वळवा. एअरबॅग फक्त ती घालणाऱ्याच्या उपयोगाची आहे. सोबती गाडला गेला, तर त्याला वर काढायला तुमच्या पाठीवरची फुगलेली पिशवी काही करू शकत नाही. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात बाहेरची मदत बहुधा पोचत नाही, सोबतचे लोकच पोचतात. तेव्हा तुमच्या सोबत्यांकडे आणि तुमच्याकडे काय आहे, याचा हिशेब एकत्र मांडा.

पायरी २: ती काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घ्या

वाळू आणि लहानमोठे खडे एका डब्यात घालून डबा हलवत राहिलं, तर मोठे खडे वर येतात. वाहत्या बर्फातही हेच घडतं: लहान कण मोठ्यांच्या मधल्या फटींतून खाली उतरतात आणि मोठ्या वस्तू वर ढकलल्या जातात. एअरबॅग तुमचं आकारमान एकदम दीडशे लिटरच्या आसपास वाढवते आणि तुम्हाला त्या प्रवाहातली एक मोठी वस्तू बनवते. बर्फ पाण्यासारखा तुम्हाला तरंगवतो, हा समज चुकीचा आहे. पाठीवर शिकार बांधलेली असताना आपण हिमस्खलनात वरच राहतो, हे एका बवेरियन वनरक्षकाच्या लक्षात आलं होतं. त्या निरीक्षणाचा धागा पकडून जर्मनीतल्या पेटर आशाउअर यांनी एबीएस ही कंपनी उभी केली आणि १९८५ साली पहिली एअरबॅग बाजारात आणली.

या तत्त्वातच तिच्या मर्यादाही आहेत. वर येण्यासाठी बर्फ काही अंतर वाहत राहायला हवा. तुम्ही उताराच्या तळाशी उभे असाल आणि बर्फ वरून येऊन तिथेच थांबत असेल, तर खडा वर यायला वेळच मिळत नाही. पहिल्या लोटानंतर दुसरा आला, तरी तेच. घळ, नाला, रस्त्याची कड, हिमनदीतली भेग अशा ठिकाणी बर्फ साचून खोल ढीग होतो, आणि फुगलेली पिशवीही त्याखाली जाऊ शकते. झाडं आणि कडे यांपासून तर ती वाचवतच नाही. कॅनडातल्या मृत्यूंच्या एका दीर्घ आढाव्यात जवळपास चौथा भाग आघाताने, म्हणजे मार लागून झालेल्या मृत्यूंचा होता. दाट झाडीतून किंवा कड्यांच्या माथ्यावरून उतरणं हा तुमचा आवडता प्रकार असेल, तर एअरबॅगकडून माफक अपेक्षा ठेवा.

आणखी एक धोका माणसाच्या मनातला आहे. पाठीवर एअरबॅग आहे म्हणून एरवी टाळला असता असा उतार उतरावासा वाटणं. मरणाची शक्यता निम्मी होते म्हणजे निम्मी उरतेही. हिमस्खलनाचा इशारा, उताराचा कोन, नुकताच पडलेला किंवा वाऱ्याने साठवलेला बर्फ, यांचा निर्णय सॅक नाही असं धरूनच घ्या.

पायरी ३: हँडल

दुकानात जाताना तुमचे नेहमीचे हातमोजे घेऊन जा. पातळ नाहीत, थंडीतले जाड. सॅक घाला, छातीचा आणि कमरेचा पट्टा लावा, डोळे मिटा आणि हँडल पकडा. पुन्हा करा. हात खाली लोंबकळत असताना, पुढे पसरलेला असताना, स्कीची काठी मुठीत असताना. पहिल्या झटक्यात मूठ हँडलवर बसत नसेल, तर ती सॅक तुमच्यासाठी नाही, मग तिची बाकी वैशिष्ट्यं कितीही मोहात पाडोत.

बहुतेक सॅकचं हँडल डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर असतं, म्हणजे उजव्या हाताने ओढायचं. काहींमध्ये ते बाजू बदलून बसवता येतं. डावखुऱ्यांनी हे आधी तपासावं. ज्यांचा एखादा खांदा दुखावलेला आहे, त्यांनीही. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटरगाडी, चालवणाऱ्यांना वेगळा विचार करावा लागतो, कारण त्यांचा उजवा अंगठा थ्रॉटलवर, म्हणजे वेग वाढवायच्या खटक्यावर असतो. निसटून जाण्यासाठी वेग हवा असतानाच तो हात सोडावा लागला तर चालेल का, की डाव्या हाताने ओढता येणारं हँडल बरं? हे ज्याने त्याने आपल्या यंत्रावर बसून ठरवावं.

हँडल आकाराला मोठं, चटकन दिसेल अशा रंगाचं आणि हातमोज्यातल्या मुठीत मावेल असं हवं. ते किती जोर लावून ओढावं लागतं हे दाखवायची विनंती दुकानदाराला करा. काही प्रणालींत नुसता हलका झटका पुरतो, काहींत चांगला हिसका लागतो. लिफ्टमध्ये, हेलिकॉप्टरमध्ये किंवा गाडीत बसताना हँडल खांद्याच्या पट्ट्यातल्या कप्प्यात बंद करून ठेवावं लागतं. हा कप्पा उघडणं-मिटणं जितकं सोपं, तितकं हँडल वेळेवर बाहेर राहण्याची शक्यता जास्त. चेन उघडायला अवघड असेल, तर उतरायला सुरुवात करण्याच्या गडबडीत ती उघडायची राहून जाते, आणि बंद कप्प्यातलं हँडल कुणालाच ओढता येत नाही.

पायरी ४: पायांमधून जाणारा पट्टा

एअरबॅगच्या प्रत्येक सॅकला कमरेच्या पट्ट्याला जोडलेला आणि पायांमधून जाणारा एक पट्टा असतो. तो लावायचा असतो. नेहमी. फुगलेल्या पिशवीला बर्फ प्रचंड ताकदीने वर खेचतो, आणि हा पट्टा नसेल तर सॅक डोक्यावरून निसटते, किंवा छातीचा पट्टा गळ्याशी येतो. नवे लोक हा पट्टा टाळतात, कारण तो चालताना काचतो किंवा हार्नेसमध्ये, म्हणजे दोर बांधण्यासाठी कमरेला घालायच्या पट्ट्यांमध्ये, अडकतो. म्हणून घालून बघताना तो लावूनच दहा-पंधरा मिनिटं दुकानात फिरा, पायऱ्या चढा, उकिडवे बसा. हार्नेस वापरत असाल तर तोही बरोबर न्या.

पाठीच्या लांबीचं मापही याच वेळी बघा. एअरबॅगच्या बऱ्याच सॅक दोन लांबींत मिळतात. उंचीने लहान माणसाने लांब पाठीची सॅक घेतली, तर कमरेचा पट्टा पोटाखाली सरकतो आणि हँडलची जागाही बिघडते. सॅकमध्ये खरं सामान भरून मगच निर्णय घ्या. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते.

पायरी ५: सिलिंडर की पंखा

दोन्ही प्रकार जीव वाचवतात. फरक आहे तो त्यांच्यासोबत जगण्यात.

सिलिंडरच्या सॅकमध्ये दाबाखालचा वायू असतो. हँडल ओढलं की सिलिंडरचं सील फुटतं किंवा झडप उघडते, आणि त्या झोतासोबत बाहेरची हवाही पिशवीत खेचली जाते. एवढ्याशा नळकांड्यातून दीडशे लिटरची पिशवी काही सेकंदांत भरते ती यामुळेच. बाहेरची हवा आत घेण्याचं तोंड सामानाने किंवा पट्ट्याने झाकलं जाणार नाही, हे त्यामुळे महत्त्वाचं. बीसीए फ्लोटसारख्या प्रणालीत हवेचा सिलिंडर पुन्हा भरून घेता येतो, काही कंपन्यांचा रिकामा सिलिंडर देऊन भरलेला घ्यावा लागतो, आणि आल्प्राइडच्या जुन्या प्रणालीसारख्या काहींत आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडच्या एकदाच वापरायच्या कुप्या असतात. विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: तुम्ही जिथे फिरता तिथे सिलिंडर भरून किंवा बदलून कुठे मिळतो? उत्तर धूसर असेल, तर सराव होणार नाही. प्रत्येक ओढीला पैसे आणि खेपा लागत असतील, तर माणूस ओढून बघत नाही, आणि ज्याने कधी ओढलंच नाही त्याचा हात ऐनवेळी जागचा हलत नाही. सिलिंडरच्या बाजूने बोलायचं तर यंत्रणा साधी आहे, बहुतेकदा हलकी आणि स्वस्त आहे, आणि चार्जिंगची भानगड नाही.

थंडीत वायूचा दाब उतरतो. घरात २० अंशांना असलेला सिलिंडर उणे २० अंशांच्या डोंगरात नेला, तर दाब साधारण १४ टक्क्यांनी कमी होतो. प्रणाली हे धरूनच बनवलेल्या असतात, त्यामुळे दाबमापकाचा काटा डोंगरात थोडा खाली दिसला तर घाबरू नका. पण घरात, उबेतच तो हिरव्या पट्ट्याच्या काठावर असेल, तर भरून घ्या.

दुसरा प्रकार विजेवर चालणाऱ्या पंख्याचा. ब्लॅक डायमंडच्या जेटफोर्सने तो लोकांपर्यंत आणला. लिथियम बॅटरी, पंखा आणि २०० लिटरची पिशवी. सुमारे तीन मिनिटांनी ती पिशवी आपोआप रिकामी होऊ लागते, म्हणजे गाडले गेलात तर भोवती हवेची पोकळी राहावी. पुढच्या पिढीत बॅटरीची जागा सुपरकपॅसिटरने, म्हणजे वीज साठवून झटकन सोडणाऱ्या भागाने घेतली. आल्प्राइडच्या ई-१ आणि ई-२ प्रणाली अशा आहेत. त्या यूएसबीने चार्ज होतात आणि दोन एए सेल त्यांना भरलेलं ठेवतात. सुपरकपॅसिटर थंडीत लिथियमइतका मंदावत नाही आणि वजनालाही आटोपशीर असतो. पंख्याच्या प्रकाराचा मोठा फायदा मला वाटतो तो सरावाचा: हँडल ओढा, पिशवी फुगवा, घडी घाला, चार्ज करा, पुन्हा ओढा. खर्च शून्य. त्यामुळे नव्या माणसाला, वजन आणि किंमत झेपत असेल तर, मी पंख्याचीच सॅक सुचवतो. त्याची किंमत मात्र शिस्तीत मोजावी लागते. चार्ज नसलेली सॅक ही नुसती जड सॅक असते, आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत दोष सापडल्याने कंपन्यांनी काही वेळा माल परत मागवलेला आहे. घेतलेल्या सॅकची नोंदणी उत्पादकाकडे करून ठेवा, म्हणजे अशी सूचना तुमच्यापर्यंत पोचेल.

विजेच्या सॅकबाबत आणखी एक काळजी. विद्युत उपकरणं ट्रान्सीव्हरच्या कामात अडथळा आणू शकतात. सर्वसाधारण नियम असा की ट्रान्सीव्हर पाठवण्याच्या स्थितीत असताना इतर उपकरणं २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर दूर ठेवावीत. सॅक पाठीवर आणि ट्रान्सीव्हर पोटाशी असल्याने अंतर बहुधा राखलं जातं, तरीही त्या त्या सॅकच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते वाचा.

पिशवीच्या आकाराबद्दल थोडक्यात: काही सॅकमध्ये डोक्यामागे एकच पिशवी उघडते, काहींत दोन्ही बाजूंना एकेक, काहींत ती डोकं आणि मानेभोवती येते. दोन पिशव्या असतील तर एक फाटली तरी दुसरी उरते. मानेभोवती येणारी पिशवी डोक्याला थोडा आधार देते. यावरून निवड करण्याइतका फरक नव्या माणसाने मानू नये. सॅकवर ईएन १६७१६ या युरोपीय मानकाचा उल्लेख आहे एवढं मात्र बघाच.

पायरी ६: किती लिटर

लिफ्टने वर जाऊन बाजूचे उतार उतरणाऱ्याला किंवा स्नोमोबाइलवाल्याला १५ ते २० लिटर पुरतात. दिवसभर चढून जाणाऱ्याला २५ ते ३२. डोंगरातल्या एका निवाऱ्यातून दुसऱ्यात मुक्काम करत जाणाऱ्याला ३५ च्या पुढे. सॅकवर लिहिलेल्या लिटरमधली काही जागा एअरबॅगची यंत्रणाच खाते, म्हणून तुमच्या नेहमीच्या सॅकपेक्षा थोडी मोठी घ्या. एअरबॅगसह पूर्ण सॅक साधारण दोन ते साडेतीन किलोंची असते.

फावडं आणि प्रोबसाठी स्वतंत्र, झटकन उघडणारा कप्पा हवाच. स्की तिरप्या बांधता येतात का, स्नोबोर्ड उभा बांधता येतो का, आणि तसं बांधलेलं असताना पिशवी मोकळेपणी उघडते का, हे पुस्तिकेत वाचा आणि शक्य असेल तर फुगवून बघा. काही सॅकवर स्की दोन बाजूंना उभ्या बांधल्या की पिशवीची वाट अडते. उघडण्याच्या जागेवर हेल्मेटची जाळी, दोरी, वाळत टाकलेली स्किन (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची पट्टी) असं काहीही बांधू नका.

पायरी ७: सराव

सॅक घरी आली की पहिल्याच आठवड्यात ती घालून, सगळे पट्टे लावून, हातमोजे चढवून हँडल ओढा. आवाज ऐका. पिशवी फुगल्यावर मान कितपत वळते, मागे दिसतं का, हे अनुभवा. मग पुस्तिका समोर ठेवून घडी घाला. घडी मनाने घालू नका. चुकीची घडी हे न उघडण्याचं कारण ठरू शकतं.

डोंगरात दर खेपेला उतरण्याआधी एक फेरा ठरवून घ्या: पायांमधला पट्टा, कंबर, छाती, हँडल बाहेर, यंत्रणा चालू. सोबत्याचंही बघा, त्याला तुमचं बघू द्या. काठ्यांचे मनगटातले फास काढून ठेवा, नाहीतर हात हँडलपर्यंत पोचण्याआधीच काठी त्याला खाली ओढते. चढताना, उतारावर उभे असतानाही हँडल बाहेर असू द्या. बर्फ फुटायला तुम्ही उतरत असण्याची वाट बघत नाही.

आणि ओढायचं केव्हा? बर्फाला तडा गेलेला दिसला, पायाखालचा थर सरकला, सोबत्याने ओरडून सांगितलं, त्याच क्षणी. आधी निसटून बघू आणि जमलं नाही तर ओढू, हा विचार घातक आहे, कारण एकदा गडगडायला लागल्यावर हात जागेवर राहत नाहीत. आधी ओढा, मग बाजूला निसटायचा प्रयत्न करा. उगाच ओढलं गेलं तर नुकसान होतं ते एका घडीचं किंवा एका सिलिंडरचं. हे वाक्य सोबत्यांसमोर मोठ्याने बोलून ठेवा, म्हणजे फुकट ओढल्याबद्दल कुणी कुणाला हसणार नाही. लाजेपोटी थांबलेला हात हाही न ओढलेला हातच.

पायरी ८: देखभाल, प्रवास आणि वापरलेली सॅक

मोसमाच्या सुरुवातीला एकदा पूर्ण फुगवून बघा. पिशवी निदान काही मिनिटं घट्ट राहायला हवी. लगेच मऊ पडली तर शिवण किंवा झडप तपासून घ्या. एकदाच वापरायच्या कुप्यांवर वजन छापलेलं असतं, ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ताडून बघा. सिलिंडरवरची तपासणीची मुदत बघा. मोसम संपल्यावर सॅक पूर्ण वाळवून, पिशवी सैल घडीत, उंदीर आणि ऊन यांपासून दूर ठेवा. बॅटरी किती चार्ज ठेवून साठवायची ते उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे.

वापरलेली सॅक घ्यायची असेल तर समोर फुगवून दाखवायला सांगा. नकार मिळाला तर घेऊ नका. तिच्यासाठी सिलिंडर किंवा सुटे भाग अजून मिळतात का, तिच्याबद्दल परत मागवण्याची सूचना निघाली आहे का, हेही तपासा.

विमानाने जाणार असाल तर तिकीट काढतानाच कंपनीला कळवा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका प्रवाशाला एक एअरबॅग सॅक, भरलेल्या सिलिंडरसह, विमान कंपनीच्या परवानगीने नेता येते, आणि ती चुकून फुगणार नाही अशी बांधलेली असावी लागते. अमेरिकेत मात्र भरलेला सिलिंडर आणि स्फोटक ट्रिगर (छोट्या स्फोटाने सिलिंडर उघडणारी कळ) चालत नाहीत. सिलिंडर रिकामा आणि तोंड उघडं ठेवून न्यावा लागतो आणि पोचल्यावर भरून घ्यावा लागतो. वारंवार विमानाने जाणाऱ्याच्या बाबतीत हा एक मुद्दाच पारडं पंख्याच्या सॅककडे झुकवू शकतो. तिच्यातल्या बॅटरीचे नियम मात्र त्या त्या कंपनीकडून लेखी मागून घ्या, आणि तो कागद सॅकच्या वरच्या कप्प्यातच ठेवा, कारण तपासणीच्या रांगेतला अधिकारी ही वस्तू पहिल्यांदाच बघत असण्याची शक्यता असते.